अनओक्ड म्हणजे काय? लाकडाचा हात न लागलेली पांढरी वाईन

ऐरोलीत आमच्याच मजल्यावर राहणारे काका मागच्या वर्षी एका लग्नासाठी नाशिकला गेले होते. येताना दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदार कुटुंबाच्या वायनरीतून त्यांनी पांढऱ्या वाईनची बाटली आणली. ती दोन-तीन आठवडे फ्रीजमध्ये राहिली, आणि एका रविवारी तीच बाटली हातात घेऊन त्यांनी माझं दार वाजवलं. "अरे, दोन गोष्टी सांग. ह्यावर 'अनओक्ड' लिहिलंय, ते काय असतं? आणि तळाशी हे काचेचे बारीक तुकडे दिसतायत. टाकून द्यावी का?"

काकांनी मला विचारलं, कारण रबाळ्याच्या एमआयडीसीत स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी काम करतो. औषधांसाठी, दुधासाठी आणि अधूनमधून वायनरीसाठीही आम्ही टाक्या करतो. अनओक्ड हा शब्द द्राक्षाबद्दल किंवा चवीबद्दल काही सांगत नाही, तो भांड्याबद्दल सांगतो. ही वाईन ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ह्या 'नाही'मागे बरंच काही आहे.

आधी पिंपाचं बघू. युरोपात वाईन ठेवायला शतकानुशतकं मुख्यतः ओकची पिंपं वापरली गेली. ओक मजबूत असतो, गळत नाही आणि आगीवर तापवला की वाकतो. फ्रान्सच्या बोर्डो भागात पीप २२५ लिटरचं असतं, बर्गंडीत २२८ लिटरचं. फळ्या वाकवताना आणि नंतरही आतली बाजू विस्तवावर भाजली जाते. त्या भाजलेल्या लाकडातून वाईनमध्ये चार-पाच गोष्टी उतरतात. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन उतरतं. ओल्या खोबऱ्यासारखा वास देणारं एक द्रव्य उतरतं. लवंगेत असतं तेच युजेनॉल उतरतं, शिवाय थोडा धूर आणि थोडा तुरटपणा. लाकडाच्या छिद्रांतून अगदी संथपणे हवाही आत झिरपते, त्यामुळे वाईन मऊ होते. निखाऱ्यावर तूप टाकून आपण ताकाला धुरी देतो, तसंच काहीसं हे काम आहे. धुरी नेमकी बसली तर ताक सुंदर लागतं. जास्त झाली की ताक कोणत्या दह्याचं होतं ते कळेनासं होतं.

पीप नवं असताना सगळ्यात जास्त देतं. तीन-चार हंगाम वापरल्यावर त्यातून जवळजवळ काहीच उतरत नाही. त्यामुळे जुन्या पिंपात ठेवलेल्या वाईनला लाकडाचा वास नसू शकतो, पण झिरपलेल्या हवेमुळे तिचा स्वभाव स्टीलमधल्या वाईनपेक्षा वेगळा असतो. नवं फ्रेंच पीप महाग असतं, अर्ध्या लाखाच्या पुढेच. म्हणून काही ठिकाणी टाकीतच ओकचे तुकडे सोडून वास आणतात. युरोपीय संघाने ह्याला २००६ मध्ये मान्यता दिली. अशी वाईन पिंपात गेलेली नसली, तरी तिला अनओक्ड म्हणणं मला पटत नाही.

पण 'लाकूड नाही' हे बाटलीवर छापायची वेळ का आली? १९८० आणि ९० च्या दशकांत कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात शार्डोने ह्या द्राक्षाच्या वाईनला इतका ओक दिला जाऊ लागला, की पेला नाकाशी नेला की लोणी, व्हॅनिला आणि भाजलेलं लाकूड एवढंच येई. शार्डोनेचा स्वतःचा वास मवाळ असतो. जे द्याल ते ते निमूटपणे घेतं. लोक कंटाळले आणि शार्डोने सोडून काहीही द्या म्हणू लागले. तेव्हा काही उत्पादकांनी स्टीलमध्येच ठेवलेली शार्डोने बाजारात आणली आणि बाटलीवर ठळक लिहिलं, अनओक्ड.

आता स्टील. बोर्डोच्या ओ-ब्रियों ह्या नामांकित वायनरीने १९६१ मध्ये आंबवण्यासाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बसवल्या, तेव्हा त्या भागात ही मोठी नवलाई होती. स्टीलचा एक गुण सगळ्यांना माहीत असतो. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीसारखं ते स्वतःचं काही देत नाही. दुसरा गुण आमच्या धंद्यातला आहे आणि पांढऱ्या वाईनच्या दृष्टीने तोच जास्त मोलाचा: स्टीलची टाकी बाहेरून थंड ठेवता येते.

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतं. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे २२ ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप) रसातून साधारण साडेबारा टक्क्यांची वाईन मिळते. हे होताना उष्णताही तयार होते आणि रस आपोआप तापू लागतो. पेरू, लिंबाची साल, कच्चं सफरचंद, पिकलेलं केळं असे जे वास पांढऱ्या वाईनमध्ये येतात, ते फार हलके असतात. केळ्याचा जो वास येतो तो एस्टर प्रकारच्या एका सुवासिक द्रव्याचा, आणि केळ्यातही तोच असतो. रस तापला की हे वास वायूच्या बुडबुड्यांबरोबर उडून जातात. म्हणून रस १२ ते १६ अंशांवर रोखून धरतात आणि जे काम चार दिवसांत उरकलं असतं ते दोन-तीन आठवडे रेंगाळू देतात. लाकूड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे पिंपात इतका ताबा मिळत नाही.

आमच्या कारखान्यात अशी टाकी कशी होते ते एकदा जवळून दाखवतो. पत्रा रोल करून शेल, म्हणजे टाकीचा नळकांड्यासारखा भाग होतो, वर-खाली डिश एंड, म्हणजे बशीसारखे फुगीर तुकडे बसतात आणि शेलच्या बाहेरून डिंपल जॅकेट चढतं. जॅकेट म्हणजे आणखी एक पातळ पत्रा. तो ठरावीक अंतरावर ठिपक्यांसारखा शेलला वेल्ड करतात आणि दाब देऊन फुगवतात. मधल्या पोकळीतून, गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेलं गार पाणी फिरतं. टाकी ३०४ ग्रेडच्या स्टीलची चालते, पण वरचं झाकण आम्ही गंजाला जास्त टिकणाऱ्या ३१६ ग्रेडचं सुचवतो. वाईन खराब होऊ नये म्हणून तिच्यात थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात. त्यातला काही वायू वरच्या रिकाम्या जागेत साठतो, झाकणाच्या ओलाव्यात विरघळतो आणि ३०४ ला हळूहळू खातो.

सगळ्यात नाजूक काम आतल्या जोडाचं. टिग वेल्डिंग करताना मागच्या बाजूने आर्गॉन वायू (तो तापलेल्या जोडाला हवा लागू देत नाही) नीट सोडला नाही, तर जोड आतून निळा-काळा पडतो आणि खरखरीत होतो. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, रंगाने काय बिघडतं? मग एकदा एका टाकीतला असा पट्टा आमच्या नजरेतून सुटला. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाने मॅनहोल, म्हणजे टाकीत उतरायची झडप उघडून दाखवलं तेव्हा त्या पट्ट्यावर तांबूस ठिपके आले होते. खरखरीत जागेत जंतू दडतात आणि लोखंडाचा अंश उतरला की वाईनची चव आणि रंग बिघडतो. ती टाकी आम्ही परत आणली, जोड घासला, पिकलिंग-पॅसिव्हेशन, म्हणजे गंज धरू नये म्हणून आम्लाने धुणं, पुन्हा केलं. तेव्हापासून टाकी जाण्यापूर्वी मी मॅनहोलमधून आत उतरतो आणि प्रत्येक जोडावरून बोट फिरवतो. बोटाला जोड कुठे आहे हे कळलं नाही, तरच टाकी गाडीवर चढते.

आत उतरण्याचा विषय निघालाच आहे तर एक जीवघेणी गोष्ट सांगून ठेवतो. एक लिटर रस पूर्ण आंबताना ४० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि टाकीच्या तळाशी साठून राहतो. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत हवा न खेळवता आणि मीटरने न तपासता माणूस उतरला, तर तो बाहेर येत नाही. वायनरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ हवं.

टाकी इतकी मुकी ठेवायची असेल तर वाईनला चव द्यायची कोणी? बागेने. काकांनी बाटली आणली ती वायनरी ज्या भागात आहे, तिथेच आम्ही दोन टाक्या बसवायला गेलो होतो, अशाच एका कुटुंबाकडे. थोरले बंधू बाग बघतात, धाकटे वायनरी. आमची क्रेन यायला उशीर होता म्हणून थोरल्यांनी मला बागेत नेलं. एका बाजूला खाण्याची थॉमसन, दुसऱ्या बाजूला वाईनची शेनिन ब्लां. शेनिन मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली. नाशिकमध्ये सुला ह्या वायनरीने १९९७ मध्ये शेनिन आणि सोव्हिन्यों ब्लां लावली, २००० मध्ये वाईन बाजारात आणली, आणि पुढे ही दोन द्राक्षं तिथल्या पांढऱ्या वाईनची ओळख झाली.

मी म्हटलं, "दादा, ही द्राक्षं फारच बारीक दिसतात."

"बारीकच पाहिजेत, साहेब. थॉमसनचा मणी फुगवायला आम्ही डिपिंग करतो, म्हणजे घड औषधात बुडवतो, आणि थिनिंग करतो, म्हणजे मणी विरळ करतो. हिचा मणी फुगू द्यायचा नाही. सगळा वास सालीत असतो. मणी मोठा झाला की पाणी वाढतं, साल तेवढीच राहते."

त्यांनी एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. साल जाड, आत दोन-तीन बिया. साखर रिफ्रॅक्टोमीटरवर दिसते, पण त्यांनी बी दाताखाली फोडली. बी तपकिरी झाली असेल आणि कटकन फुटली तर द्राक्ष पिकलं. हिरवट आणि चिवट असेल तर अजून थांबायचं.

ह्या थांबण्यातच सगळी कसोटी आहे. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळांसाठी गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच घेतात. वाईनची तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. फेब्रुवारी सरत आला की दुपारी ऊन तापू लागतं आणि उन्हाने साखर वाढते तसं आम्ल घटतं. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टरिक आणि मॅलिक. उष्ण हवेत मॅलिक आम्ल वेल स्वतःच जाळून टाकतो. दोन दिवस उशीर झाला तर वाईन जड आणि बेचव होते, दोन दिवस लवकर तोडली तर दात आंबतात. लाकडात ठेवायची वाईन असेल तर अशी चूक व्हॅनिलाच्या आणि धुराच्या मागे थोडीफार लपते. अनओक्ड वाईनमध्ये ती पहिल्या घोटातच कळते. घट्ट फोडणीच्या आमटीत जुनी डाळ खपून जाते, साध्या वरणात जात नाही.

म्हणून तोडणी पहाटे चारला, डोक्याला बॅटरी बांधून. घड गार असतानाच क्रेट रस काढायच्या प्रेसपाशी पोचतात. चिरलेलं सफरचंद हवेत काळं पडतं तसाच हा रसही पडतो, म्हणून त्याला शक्यतो हवा लागू देत नाहीत. लाल वाईन सालीसकट आंबवतात. इथे साल आणि रस लगेच वेगळे करतात, आणि प्रेसचा दाबही हलका ठेवतात, कारण बी चिरडली की कडवटपणा उतरतो. रात्रभर गार टाकीत गाळ खाली बसतो, वरचा नितळ रस दुसऱ्या टाकीत जातो आणि यीस्ट सुरू होतं. यीस्टचं काम संपल्यावर मेलेलं यीस्ट तळाशी साय धरल्यासारखं बसतं. काही जण वाईन महिनोन्महिने त्यावरच ठेवतात. तिला थोडी पावासारखी, थोडी मलईदार चव येते, तीही लाकडाशिवाय.

थंड देशात हेच गणित उलटं होतं. बर्गंडीच्या उत्तर टोकाला शाब्ली नावाचा भाग आहे आणि अनओक्ड शार्डोने म्हटलं की जाणकार आधी त्याचं नाव घेतात, जरी तिथल्या काही उंची वाईन लाकडातही ठेवल्या जातात. तिथे मॅलिक आम्ल फारसं जळत नाही, इतकं उरतं की वाईन झोंबते. मग जिवाणूंकरवी त्याचं सौम्य अशा लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. दह्यातलं आम्ल ते हेच. नाशिकच्या उन्हात मात्र असलेलं आम्ल टिकवण्याचीच धडपड असते, म्हणून तिथल्या ताज्या पांढऱ्या वाईनमध्ये हा टप्पा बहुधा होऊच देत नाहीत. दोन्ही बाटल्यांवर अनओक्ड लिहिलं, तरी एक दुसरीसारखी लागणार नाही.

शाब्लीच्या जमिनीत बारीक कालवांचे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शिंपले आहेत आणि तिथली वाईन कालवांबरोबरच प्यायची रीत आहे. दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात कालवं घेताना मला हे नेहमी आठवतं. शिंपल्यांची चव मुळांवाटे थेट वाईनमध्ये चढते असं सांगितलं जातं, ते खरं नाही. दगडाला चव नसते आणि वेल दगड शोषत नाही. माती पाणी किती धरते आणि किती सोडते, ह्याचा परिणाम मात्र नक्की होतो. कालवांशी हिची जोडी जमते, कारण आंबटपणा आहे आणि लाकडाचा तुरटपणा नाही. लिंबू पिळलेल्या तळलेल्या बोंबलाबरोबर शेनिन ठेवून बघा.

काकांची बाटली एका कुटुंबाच्या वायनरीतली होती. पण वायनरी 'कुटुंबाच्या मालकीची' असं म्हणतात तेव्हा त्या शब्दांना आपल्याकडे ठरलेली व्याख्या नाही, म्हणून नीट विचारून घ्यावं. नाशिकच्या मोठ्या वायनरी बरीचशी द्राक्षं करारावरच्या शेतकऱ्यांकडून घेतात, आणि त्यात गैर काही नाही. पण माझ्या लेखी कुटुंबाची वायनरी म्हणजे बाग, तोडणी, टाकी आणि बाटली एकाच घरात. अमेरिकेत बाटलीवर 'इस्टेट बॉटल्ड' लिहायचं तर सगळी द्राक्षं स्वतःच्या किंवा स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीतली लागतात. फ्लॉरेन्सचं अँटिनोरी घराणं १३८५ पासून ह्या धंद्यात आहे. दुसरीकडे फ्रान्सच्या वारसा कायद्याने मुलांना वाटे मिळतात, आणि बर्गंडीतल्या क्लो द वूजो ह्या ५० हेक्टरच्या एका बागेला आज ८० च्या आसपास मालक आहेत. सातबाऱ्यावर वाढत जाणारी नावं बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडची कुटुंबं ह्यात आली ती मुख्यतः राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर. २००८-०९ च्या मंदीत मागणी घसरली तेव्हा कितीतरी छोट्या वायनरी बंद पडल्या आणि काही शेतकऱ्यांनी वाईनचे वेल उपटून पुन्हा थॉमसन लावली. जे टिकले त्यांच्यासाठी अनओक्ड पांढरी वाईन हा पैशाचाही प्रश्न आहे. पिंपातली वाईन वर्षभर आणि जास्तही पैसे अडकवून ठेवते. फेब्रुवारीत तोडलेली शेनिन स्टीलमधून पावसाळ्यात बाटलीत जाते आणि ऑक्टोबर छाटणीची मजुरी द्यायची वेळ येते तेव्हा विक्री सुरू झालेली असते. स्वस्तातली म्हणून हिला कमी लेखणारे भेटतात. त्यांनी पहाटे चारला त्या बागेत उभं राहून बघावं.

अनओक्ड म्हणजे गोड नसलेली, असाही एक समज आहे. गोडी उरलेल्या साखरेवर ठरते, तिचा लाकडाशी संबंध नाही. आणि ही शेवटी साडेबारा टक्के अल्कोहोल असलेली दारूच आहे, हलकी लागते म्हणून सरबत होत नाही. दीडशे मिलिलिटरच्या एका पेल्यात जवळजवळ १५ ग्रॅम अल्कोहोल जातं.

ज्यांना घ्यायची आहे त्यांनी बाटलीवरचं वर्ष आधी बघावं. अशी वाईन दोन-तीन वर्षांत संपवावी, कारण ताजेपणा हीच तिची पुंजी आहे. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असलं तर ते चांगलंच लक्षण, हवा कमी शिरते. एप्रिलमध्ये नाशिकहून येताना बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. कसारा घाट उतरेपर्यंत डिकीची भट्टी होते आणि टाकीने तीन आठवडे सांभाळलेले वास दोन-तीन तासांत मरगळतात. पिताना ८ ते १० अंश पुरेत. फ्रीज त्याहून गार असतो आणि त्या गारठ्यात वास मिटून बसतात, म्हणून पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा.

काकांच्या बाटलीचंही तेच केलं. ओतताना तळ हलू दिला नाही. शेवटी दोन बोटं वाईन उरली ती काकूंनी चहाच्या गाळणीतून गाळली आणि गाळणीत राहिलेले चकचकीत कण ताटलीत काढले. ते टार्टरिक आम्लाचं पोटॅशियमबरोबर झालेलं मीठ होतं. वाईन खूप गार झाली की ते विरघळलेलं राहत नाही, त्याचे खडे होतात. मोठ्या वायनरी बाटली भरण्याआधीच टाकी शून्याच्या जवळ नेऊन हे खडे बसवून टाकतात. छोट्या कुटुंबाला दर वेळी तेवढी वीज जाळणं परवडतंच असं नाही. खाल्ले तरी अपाय नाही. केकच्या सामानाच्या दुकानात क्रीम ऑफ टार्टर म्हणून मिळतं ते हेच.

काकूंनी एक कण जिभेवर ठेवला, थोडा चघळला. "अय्या, चिंचेसारखं लागतंय!"

चिंचेतलं आम्लही टार्टरिकच. काकांनी ताटली ओढून घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवून दुसरा कण उचलला.